स्वस्तातला रोल आणि सढळ उजेड

मंडळी, 'रोजच्या वापराला कॅमेऱ्यासाठी स्वस्तातला कलर फिल्मचा रोल कुठला घ्यावा?' या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. दिवसाउजेडी, उन्हात फोटो काढत असाल तर कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २००, यांतला जो मिळेल तो. ऊन, सावली, ढगाळ हवा, संध्याकाळ असं सगळं एकाच रोलवर येणार असेल तर अल्ट्रामॅक्स ४००. आता उरलेला वेळ मी उजेडावर बोलणार आहे. या तीन रोलांमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी जास्त फरक एकाच रोलला उजेड पुरेसा मिळाला की नाही, याने पडतो.

कलर निगेटिव्हमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडासाठी वेगवेगळे थर असतात. प्रत्येक रंगाच्या थरात चांदीच्या क्षाराचे मोठे कण असतात, तसे बारीकही असतात. मोठ्या कणांना थोडासा उजेड पुरतो, बारकांना जास्त लागतो. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, कमी पडलं की नुसते मोठे कण कामाला लागतात आणि फोटो खरखरीत येतो. उजेड सढळ दिला की बारीक कणही भर घालतात. आणि एक गंमत सांगतो, रोल धुताना चांदी सगळी निघून जाते. आपण ज्याला ग्रेन म्हणतो ते मागे राहिलेले रंगाचे ठिपके असतात. जास्त एक्स्पोजरला हे ठिपके एकमेकांवर चढतात, मधल्या फटी बुजतात, म्हणून निगेटिव्ह गुळगुळीत दिसते. डिजिटलवर हात बसलेल्यांची पंचाईत इथेच होते. तिथे आकाश पांढरं फटक पडू नये म्हणून आपण एक्स्पोजर आखडतं घेतो. इथे सावली सांभाळायची. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, खाली म्हणजे निम्मा. आकाश दोन स्टॉप वर गेलं तरी निगेटिव्ह ते पचवते, पण सावली एक स्टॉप खाली गेली की पदर फाटायला लागतो.

निगेटिव्हचे हे दोन तुकडे लाइट टेबलवर ठेवतोय, पुढे येऊन बघा. रोल एकच, झाड एकच. डावीकडच्या फ्रेममध्ये खोडाची सावलीतली बाजू आहे, तिथे सालीच्या भेगा मोजता येतात. उजवीकडच्या, उजेड कमी पडलेल्या फ्रेममध्ये तीच बाजू कोरी नारिंगी आहे. फ्रेमच्या कडेला, भोकांच्या पट्टीत जो नारिंगी रंग दिसतो ना, अगदी तोच. म्हणजे तिथे काहीही नोंदलं गेलेलं नाही. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्कॅनर आपल्या परीने तो भाग उजळायला जातो आणि हाती लागतो हिरवट-तपकिरी गाळ. मग लोक म्हणतात, 'कलरप्लसचे रंग मळकट आहेत.' रोलचा बिचाऱ्याचा काय दोष?

करायचं एवढंच. रोलच्या नावातला २०० किंवा ४०० हा त्याचा आयएसओ, म्हणजे तो उजेडाला किती संवेदनशील आहे याचा आकडा. कॅमेऱ्यावर आयएसओची चकती असेल तर २०० च्या रोलला १०० लावा, ४०० च्या रोलला २००, म्हणजे एक स्टॉप जादा उजेड मिळतो. आणि लॅबला काहीही सांगू नका, रोल नेहमीसारखाच धुवू द्या. सी-४१ ही कलर निगेटिव्ह धुण्याची पद्धत १९७२ सालापासून चालत आलेली आहे. डेव्हलपर हे रसायन ३७.८ अंश सेल्सिअसला, वेळ सव्वातीन मिनिटं, रोल १०० चा असो की ४०० चा. चकती नसलेला, डब्यावरचा, रोलचा आयएसओ सांगणारा डीएक्स कोड स्वतः वाचणारा कॅमेरा असेल आणि बटण अर्धं दाबून एक्स्पोजर धरून ठेवता येत असेल, तर फोकसचं अंतर सारखं ठेवून सावलीतल्या भागावर धरा, मग फ्रेम जुळवा. प्लास्टिकच्या साध्या कॅमेऱ्यांना ना उजेड मोजणारा मीटर, ना ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान-मोठं करायची सोय. शटर १/१२० सेकंदाच्या आसपास आणि लेन्स एफ/१० च्या आसपास, कायमची. त्यात बिनधास्त ४०० टाका. भर उन्हात तीन स्टॉप जास्त होईल, होऊ द्या. घरात मात्र ४०० वर फार भिस्त ठेवू नका. बऱ्यापैकी दिवे असलेल्या खोलीतसुद्धा एफ/२ ला १/६० सेकंद लागतं, आणि बहुतेकांची झूम लेन्स एफ/३.५ च्या पुढे सुरू होते (आकडा मोठा तितकं भोक लहान). तिथे फ्लॅश हवा किंवा खिडकी हवी.

मग कोडॅकचाच पोर्ट्रा ४०० महाग का? त्याचा ग्रेन बारीक आहे, कॉन्ट्रास्ट मवाळ आहे, त्वचेचे रंग अलगद येतात आणि चुकलेलं एक्स्पोजर तो जास्त झाकतो. लग्नाचं काम घेतलं असेल, मोठा प्रिंट काढायचा असेल, तर जरूर घ्या. चहा पिताना मित्राचा फोटो काढायला तो वापरणं मला उधळपट्टी वाटते. हार्मनचा फिनिक्स २०० हा २०२३ चा रोलही पुष्कळांना खुणावतो. त्याला नेहमीचा नारिंगी मास्क, म्हणजे मघाशी कडेला दिसलेला तो रंग, नाही, कॉन्ट्रास्ट कडक आहे, चुकीला माफी कमी. हौस म्हणून एखादा वापरा, पण रोजचा नव्हे.

पैशाचा हिशेब करताना लोक रोलच्याच किमतीकडे बघतात. धुण्याचा खर्च बहुतेक लॅबमध्ये रोलमागे असतो, मग आत २४ फ्रेम असोत की ३६. त्यामुळे २४ चा 'स्वस्त' रोल फ्रेममागे बरेचदा महागच पडतो. मुदत उलटलेला रोल स्वस्तात मिळतो. दर दहा वर्षांना एक स्टॉप जादा द्यावा असा ठोकताळा आहे, पण तो रोल कुठल्या गरमीत पडून होता हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल घेतलेत तर मागे रेमजेटचा काळा थर आहे का ते आधी विचारा. तो थर सी-४१ च्या मशीनमध्ये सुटला तर बाकीच्यांचे रोलही नासतात, आणि लॅबवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करत नाही.

रंगांबद्दल एकच सांगतो. लॅबमधलं स्कॅनिंगचं मशीन फ्रंटियर असो की नोरित्सू, निगेटिव्ह उलटी करून रंग ठरवतो तो स्कॅनर आणि त्यामागे बसलेला माणूस. एकाच निगेटिव्हचे दोन लॅबमधले स्कॅन शेजारी ठेवले तर रोल वेगळे वाटावेत इतका फरक पडू शकतो. म्हणून रंग आवडले नाहीत तर रोल बदलण्याआधी तीच पट्टी दुसरीकडे स्कॅन करून बघा. कॉन्ट्रास्ट कमी ठेवायला सांगा, वाढवणं आपल्या हातात असतं.

मागून प्रश्न आलाय, एकदम किती रोल घ्यावेत? चार-पाच घ्या, पण एकाच जातीचे. दर वेळी नवा रोल टाकला तर फोटो बिघडला तो कशाने, याचा पत्ताच लागत नाही. दोन-तीन महिन्यांत संपणार असतील तर कपाटात, उन्हापासून लांब ठेवले तरी चालतं. जास्त काळ ठेवायचे असतील तर फ्रिजमध्ये, बंद डबीतच. बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडू नका, नाहीतर थंड फिल्मवर ओल धरते.