उकळलं की झालं?

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. फळ्यावर विषय लिहिलाय, हिस्टामिनचा त्रास असणाऱ्यांनी उरलेलं अन्न कसं साठवायचं आणि कसं गरम करायचं. त्यावर मी येणारच आहे. हिस्टामिन म्हणजे अन्नात जंतूंमुळे तयार होणारं एक रसायन, आपल्याला ते झेपत नाही. त्याने काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, नाक गळणं, रात्री अंगभर खाज, हे सगळं भोगूनच तुम्ही इथे आलात. तेव्हा आधी माझं भांडण. माझं भांडण एका वाक्याशी आहे, "अगं चांगलं उकळून घे, उकळलं की सगळं मरतं."

मरतं हो, जंतू मरतात. पण हिस्टामिन मुळात जिवंतच नव्हतं तर मरणार कुठून? प्रोटीनमध्ये हिस्टिडिन नावाचा एक घटक असतो, जंतूंचं एंझाइम त्याचं हिस्टामिन करतं, आणि एकदा झालं की उकळा, तळा, गोठवा, ते हलत नाही. शिळ्या कढीला ऊत आणू नये ही म्हण ज्याने काढली त्याला आपलाच त्रास असणार असा माझा दाट संशय आहे. (हसलात, म्हणजे जागे आहात.)

तर माझी गोष्ट. रविवारी मी मोठं पातेलंभर चिकन करायचे, बुधवारपर्यंत पुरायचं. रविवारी रात्री खाल्लं, काही नाही. सोमवारी जरा कान गरम. बुधवारी जेवून उठले आणि आरशात बघते तर गळ्यापर्यंत लालबुंद. घरच्यांनी निकाल दिला, हिला चिकनची अॅलर्जी. टेस्ट केली तर काहीच नाही. मग मसाल्यावर संशय, मग तेलावर, मग सासूबाई म्हणाल्या तू टेन्शन फार घेतेस, आणि ते खरंच होतं, कारण त्या रोज विचारायच्या. वर्षभर हे चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजताचं खाल्लं?" मी म्हटलं दीड वाजता. ते म्हणाले, "जेवलात कधी ते नाही विचारत, शिजवलं कधी?" मी गप्प.

घरी येऊन वही घातली, खाण्याच्या नावापुढे शिजवल्याची वेळ. दोन आठवड्यांत चित्र दिसलं, तेच चिकन, तोच मसाला, ताजं चालतं, तीन दिवसांचं चालत नाही. (वही म्हणजे निदान नव्हे हां, या त्रासाला अजून एक अशी खात्रीची टेस्ट नाही, म्हणून डॉक्टर लागतातच. आणि श्वास अडकला, घसा सुजला तर वही टाका आणि सरळ इमर्जन्सी गाठा.)

पण मी तर फ्रीजमध्ये ठेवत होते! म्हणून पुढच्या रविवारी थर्मामीटर आणला. भरलेलं पातेलं फ्रीजमध्ये ठेवून चार तासांनी दांडी मधोमध खुपसली, ३१ अंश. बाहेरून भांडं गारेगार, कडेला हात लावला की वाटावं झालं काम, आणि पोटात कोमट. जंतूंना आणखी काय हवं? त्यात आमच्याकडे वासाचे इन्स्पेक्टर आहेत, म्हणजे नवरा, झाकण उघडून नाक घालणार आणि म्हणणार "काही झालेलं नाही." हिस्टामिनला वास नसतो हो! माशांमध्ये तर हे नेहमीचंच, ट्यूना, बांगडा वगैरे नीट गार ठेवले नाहीत की स्कोम्ब्रॉइड विषबाधा, म्हणजे माशात साठलेल्या हिस्टामिनची विषबाधा होते, ती कुणालाही होते, आपल्यासारखा नाजूक माणूसच लागतो असं नाही. युरोपात अशा माशांना किलोला १०० ते २०० मिलिग्रॅम हिस्टामिनची मर्यादा आहे. बाय द वे, हे हिस्टामिन १९१० मध्ये हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर या शास्त्रज्ञांनी अर्गट बुरशीतून वेगळं काढलं, डेलना १९३६ ला नोबेलही मिळालं पण ते दुसऱ्याच कामाला, ती एक वेगळी गंमत आहे...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मला वाटलं पंधरा आहेत. बरं, भराभर घ्या.

शिजलं की आपल्यापुरतं वाढून उरलेलं लगेच उथळ डब्यांत, दोन बोटं उंचीचा थर, बस. "आधी पूर्ण गार होऊ दे" म्हणून ओट्यावर रात्रभर ठेवू नका. सगळ्यांसाठीचा नियम दोन तासांचा आहे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास, पण आपण तेवढी वाटच बघायची नाही. फ्रीज ४ अंश किंवा कमी, आतमध्ये थर्मामीटर टाकून ठेवा, दारावरचा आकडा खरा मानू नका. पण फ्रीजमध्ये सगळं थांबत नाही, काही जंतू थंडीतही काम करतात, म्हणून मांस-मासा आज खाणार नसाल तर सरळ फ्रीझर, उणे १८. मासा तर मी उरवतच नाही.

फ्रीझरमध्ये एका वेळेचीच पाकिटं, चपटी, म्हणजे पटकन गोठतात आणि थेट पातेल्यात टाकता येतात, रात्रभर बर्फ वितळवत बसावं लागत नाही. गरम करताना लागेल तेवढंच घ्या, मधोमध ७४ अंश, मायक्रोवेव्ह असेल तर मध्ये ढवळा, नाहीतर कडा उकळतात आणि मधला गोळा थंडच. हे जंतूंसाठी, हिस्टामिनसाठी नाही, पण तेही लागतंच. उष्टा चमचा डब्यात नाही, उरलेलं परत डब्यात नाही.

हो, विचारा ताई. तिसऱ्या दिवशी आठवलं आणि तेव्हा फ्रीझरमध्ये टाकलं तर? तर तिसऱ्या दिवसाचंच गोठेल, मागे जाणार नाही. म्हणून डब्यावर तारीख नुसती नको, वेळही लिहा. पेन कुठलं? साधं मार्कर, डबा कोरडा असताना लिहायचं, ओल्यावर उमटत नाही. पुढचे वक्ते दारात उभे आहेत, उतरते मी.