बांधावरचा धोत्रा

परळी. श्रावणी सोमवार, अजून नीट उजाडलेलं नाही. वैजनाथाच्या वाटेवर मावशींनी गोणपाट अंथरलंय. बेल, पांढरी फुलं, आणि ओल्या फडक्याखाली ही काटेरी बोंडं. धोत्र्याची. नातीनं एक उचललं, तशा मावशी ओरडल्या, "तोच हात डोळ्याला लावू नको गं!"

बरोबरच आहे. धोत्र्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं.

फोडलेलं बोंड जवळून बघा. चपट्या, पिवळसर बिया, थेट मिरचीच्या बियांसारख्या. यांत हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडं, म्हणजे झाडात तयार होणारी जहाल रसायनं असतात. बिया पोटात गेल्या की तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, माणूस बरळत हवेतले धागे ओढत बसतो. हायोसायमीनचंच पालटलेलं रूप म्हणजे ॲट्रोपिन. १८३१ साली माइन या जर्मन औषधतज्ज्ञानं ते बेलाडोनाच्या मुळांतून शुद्ध करून काढलं. बेलाडोना धोत्र्याच्याच कुळातली. आपली वांगी-मिरचीही त्यातलीच.

आता हे शेत. हाच श्रावण, कपाशीला फवारणी. पंप पाठीवर गळतोय, सदरा भिजलाय. "औषध मारायलोय," दादा सांगतात. विषाला इकडे औषधच म्हणतात.

यातली ऑर्गनोफॉस्फेट गटातली विषं काय करतात? नसांचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं, आणि काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. विष त्या विकरालाच जखडतं. निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, छातीत घरघर. ॲट्रोपिन निरोप घेणाऱ्या जागाच अडवतं. पण म्हणून कुणी धोत्रा चघळायला जाऊ नये. कोणत्या बोंडात किती अंश, सांगता येत नाही.

ग्रामीण रुग्णालय, रात्र. ही ॲट्रोपिनची कुपी एक मिलिलिटरची, आत ०.६ मिलिग्रॅम. एकीनं भागत नाही. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत. ट्रेमधल्या रिकाम्या कुप्या बघा, सगळ्या एकाच रुग्णाच्या. काही जण इथवर पोचतच नाहीत.

टॉर्चच्या उजेडात बाहुली मोठी झालीय. सिस्टर उरलेल्या कुप्या मोजून वहीत लिहितायत. फवारणीचे अजून दोन महिने आहेत.