खुडूक कोंबडीच्या पंखाखाली

(दृश्य: अंधारी खोपटी. गवतावर बसलेली कोंबडी, अगदी जवळून.)

एकविसावा दिवस. कोंबडी अजून अंड्यांवरून उठलेली नाही, पण तिचा सूर बदललाय. कालपर्यंत हात जवळ नेला की पिसं फुलवून अंगावर येणारी ही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, आता घशातल्या घशात 'कुक कुक' करतेय. अंड्याच्या आतून बारीक चिवचिव येते, तिला ही उत्तर देतेय.

पिल्लाच्या चोचीच्या टोकावर पांढरा, टणक ठिपका असतो. त्यानं ते कवचाला आतून टोचा मारतं. पहिलं भोक पडल्यावर बाहेर यायला बारा तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. बघणाऱ्याचे हात इथे शिवशिवतात. कवच सोलून मदत करावी असं वाटतं. करू नका. आतल्या रक्तवाहिन्या अजून सुकायच्या असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. हीच त्याची पुढच्या दोन दिवसांची शिदोरी. म्हणूनच पहिली पिल्लं सुकून टवटवीत झाली तरी कोंबडी मागे राहिलेल्यांसाठी दीड-दोन दिवस बसून राहते. मग मात्र उठते ती उठतेच. न फुटलेल्या अंड्यांकडे वळूनही बघत नाही.

(दृश्य: अंगण. कोंबडी पुढे, पिल्लं मागे.)

यंत्राच्या उबेत पिल्लं वाढवायची तर पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस तापमान राखावं लागतं आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावं लागतं. इथे तो हिशेब कुणीच करत नाही. कोंबडीचं अंग 41 अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आणि अंड्यांवर बसताना तिच्या पोटाची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते. पिल्लू गारठलं की पंखाखाली घुसतं, ऊब मिळाली की बाहेर पळतं. बल्ब आणि थर्मामीटरपेक्षा मला ही व्यवस्था केव्हाही भरवशाची वाटते.

आता हिची चोच बघा. पाचोळा उकरला, वाळवी सापडली. उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते, आणि 'टुक टुक टुक' भराभर सुरू. पिल्लं धावत येतात. सगळ्यांत धीट असलेलं वाळवी पळवतं, बाकीची त्याच्यामागे! कोंबडीच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही.

घार दिसली की हाक वेगळी, मांजर दिसलं की वेगळी. घारीसाठी लांबट, बारीक सूर. तो कानावर पडला की पिल्लं जिथल्या तिथे दबतात किंवा झुडपात शिरतात. मांजर दिसलं की मोठमोठ्यानं कलकलाट, आणि बऱ्याचदा थेट हल्ला.

(दृश्य: संध्याकाळ. खुराड्याची जाळी, पाण्याचं पसरट भांडं.)

रात्री मात्र तिचा इलाज चालत नाही. घूस, साप बहुधा अंधारात येतात. म्हणून खुराड्याला अर्ध्या इंचाची मजबूत जाळी हवी. मोठ्या भोकांच्या जाळीतून पिल्लं बाहेर पडतात आणि साप आत येतो. झोपायची जागा जमिनीलगत ठेवा, दांडीवर पिल्लांना चढता येत नाही. पाण्याचं भांडं उथळ असावं, त्यात चार खडे टाकावेत, नाहीतर बोटभर पाण्यातही पिल्लू बुडतं. दाणा पिल्लांचाच ठेवा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम इतकं असतं की पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. आईनं पिल्लांचं खाद्य खाल्लं तर बिघडत नाही, ती सध्या अंडी देतच नाही.

सगळ्यांत वाईट ओल. ओलसर, घाणेरड्या जागेत रक्ती हगवण पसरते. आणि पावसात भिजून आईपासून लांब राहिलेलं पिल्लू गारठून मरतं. खुराडं कोरडं ठेवा, शक्यतो जागा बदलत राहा.

सहा ते आठ आठवड्यांत पिल्लांना पिसं फुटलेली असतात. एके दिवशी कोंबडी त्यांनाच टोचून हाकलते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते. भावंडं मात्र पुढेही घोळक्यानं फिरतात. त्यांना मोठ्या कळपात सोडायचं तर असं एकत्रच सोडा, एकटं पडलेलं पिल्लू बाकीच्या कोंबड्यांचा मार खातं.