न लागलेला ठसका

[पहाट. पत्र्याचं घर. चूल पेटलेली. आवाज: दूर ट्रॅक्टर.]

निवेदन:
धारूरच्या घाटाखालचं एक गाव. आजीच्या मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू आडवं पडलंय. आजी डाव्या हाताने गाल दाबते, तोंडाचा चंबू होतो आणि उजव्या हातातला चमचा सरळ घशाशी रिकामा होतो. लेकरू गिळतं. निदान तसं दिसतं तरी.

जन्मल्यावर हे बाळ लवकर रडलं नव्हतं. मान अजून धरत नाही. निमोनिया म्हणून चारदा ॲडमिट झालं. सलाईन, इंजेक्शनं, वाफ. आठवड्याने बरं होऊन घरी, की पुन्हा छाती घरघरायला लागते. मधे टीबीची औषधंही सुरू झाली होती. पोटावर बिब्ब्याचे दोन डाग आहेत, ते कुणी दिले हे मात्र घरात कुणी बोलत नाही.

आजी म्हणते, "ठसका न्हाई लागत बघा त्याला. गपगुमान पितंय."

गोम इथंच आहे. दूध चुकीच्या वाटेला लागलं की ठसका यायलाच हवा. अशा, मेंदूला इजा झालेल्या, बऱ्याच मुलांत तो येत नाही. दूध थेंबाथेंबाने फुफ्फुसात उतरत राहतं आणि बाहेरून सगळं शांत असतं.

[एक्स-रे उजेडावर धरलेला. बोट उजव्या बाजूला, वर थांबतं.]

निवेदन:
आडवं पाजलेल्या बाळात डाग बहुतेक वेळा इथं, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. पण डाग कशाचा, हे एक्स-रे सांगत नाही. एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम पाजून गिळणं पाहता येतं, पण ते त्या दोन-चार मिनिटांपुरतं. रात्री झोपेत पोटातलं वर आलं, तर ते कोण पाहणार?

म्हणून फुफ्फुसालाच विचारायचं. बाळाला गुंगी देऊन जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकावाटे श्वासनलिकेत उतरवतात. थोडं सलाईन सोडायचं, वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिलिटर, आणि लगेच ओढून घ्यायचं. असं दोन-तीनदा. हाती येतं ते गढूळ, फेसाळ पाणी, ताकाच्या निवळीसारखं.

[सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर लाल ठिपके.]

निवेदन:
फुफ्फुसात झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज. आत आलेली चरबी त्या गिळतात. ऑइल रेड ओ या रंगाने ती चरबी लालभडक दिसते. १०० पेशी मोजायच्या, आत किती चरबी त्यावर प्रत्येकीला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४०० पैकी. ही मोजणी १९८७ साली मुलांसाठी मांडली गेली, तेव्हा आता उत्तर सापडलं असं बऱ्याच जणांना वाटलं. सापडलं नाही. कारण ही चरबी दुधाचीच असते असं नाही. फुफ्फुसाच्या इतर आजारांत मोडलेल्या पेशींची चरबीही तशीच लाल दिसते. मोठा आकडा आला म्हणजे शंका पक्की झाली, असं होत नाही.

मग पेप्सिन. हे जठरात बनणारं पाचक द्रव्य. फुफ्फुसाच्या पाण्यात ते सापडलं, तर पोटातलं वर येऊन आत गेलं असं धरता येतं. धरता येतं, एवढंच. पेप्सिनचा एक प्रकार फुफ्फुसही बनवतं, त्यामुळे कोणता प्रकार मोजला हे पाहावं लागतं. शिवाय ते तिथं फार वेळ टिकत नाही. काल रात्रीची चोरी आज दुपारी पकडायची, असला प्रकार.

अमायलेज हे लाळेतलं पाचक द्रव्य उलट बाजूने बोलतं. ते जास्त सापडलं तर गडबड वरून, म्हणजे गिळण्यात. पण दुर्बीण नाकातून जाताना थोडी लाळ सोबत नेते, आणि अगदी तान्ह्या बाळाच्या लाळेत अमायलेज मुळातच कमी असतं.

एवढी खटपट कशाला? कारण वरून की खालून, यावर पुढचं सगळं ठरतं. गिळणं बिघडलं असेल तर बसवून, दूध घट्ट करून, थांबत थांबत भरवायचं, नाहीतर नळीने. पोटातलं वर येत असेल तर औषधं, कधी ऑपरेशन. आणि क्वचित श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये जन्मतःच बारीक भोक असतं. ते असेल, तर घरच्यांनी कितीही जपून भरवलं तरी उपयोग नाही.

[ओपीडी. डॉक्टर तपासणीचा फॉर्म भरतायत. आजी बाकावर.]

"आजी, अंघोळीनंतर नाकात तेल सोडता का?"

"रोज! पहिल्या अंघोळीपास्नं. दोन-दोन थेंब, नाक मोकळं ऱ्हातंय."

डॉक्टरांचं पेन थांबतं. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. तेलही चरबीच. काचपट्टीवर तेही लालच दिसणार.

"मंग सोडू का नको?"

"नको, आजी. आजपासून एक थेंबही नको."

आजीला हे पटलेलं नाही, चेहऱ्यावर दिसतंय. डॉक्टर फॉर्मच्या कोपऱ्यात, प्रयोगशाळेसाठी, दोन शब्द लिहितात: नाकात तेल.