दात पडला, की कलम बदललं

नमस्कार मंडळी.

पेरणी तोंडावर आली की तालुक्याच्या कोर्टात आमची गर्दी वाढते. नांगराचं एखादं तास बांधाच्या पलीकडे गेलेलं असतं, शब्दाला शब्द लागतो आणि कुणाच्या तरी हातात काठी येते. असाच एक शेतकरी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. ओठ सुजलेला, अन् रुमालाच्या गाठीत पडलेला दात. म्हणाला, "वकीलसाहेब, तीनशे सात लागतंय का बघा."

मार खाल्लेल्या प्रत्येकाला तीनशे सातच, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलमच हवं असतं. मारणारा मात्र म्हणतो, नुसती धक्काबुक्की झाली! या दोघांच्या मधलं मोजमाप कायदा कसं करतो, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी आकड्यांचा घोळ. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं 302 आता 103 झालं. शिक्षा तीच, फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. खुनाच्या प्रयत्नाचं 307 आता 109. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर जुनंच कलम लागतं, त्यामुळे आम्हा वकिलांना अजून दोन्ही पुस्तकं काखेत घेऊन फिरावं लागतं.

109 साठी जखम किती खोल, हा पहिला प्रश्न नसतो. मारणाऱ्याचा जीव घेण्याचा इरादा होता का, हा असतो. गोळी झाडली, नेम चुकला, समोरच्याला ओरखडासुद्धा आला नाही, तरी ते कलम लागू शकतं आणि दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उलट, रागाच्या भरात मारलेल्या काठीने हात मोडला, म्हणून ते आपोआप लागत नाही.

मग हात मोडला त्याचं काय? इथे येते 'गंभीर दुखापत', कलम 116. माझ्या मते सगळ्या संहितेतला हा सर्वांत हिशेबी भाग. 'गंभीर' म्हणजे काय हे न्यायाधीशांच्या मनावर सोडलेलं नाही, आठ प्रकार लिहूनच ठेवलेत. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं. आणि सातव्या प्रकारात हाडाच्या बरोबरीने दात बसवलाय. हाड किंवा दात मोडणं, निखळणं. आठव्यात जिवावर बेतणारी दुखापत, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणं वा रोजची कामं न करता येणं. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. लोक म्हणतात, पंधरा दिवस ॲडमिट राहिलो की झालं. नुसतं खाटेवर पडून राहणं पुरत नाही. वेदना होत्या किंवा काम होत नव्हतं, हे दाखवावं लागतं.

या यादीत न बसणारी ती साधी दुखापत. तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड एक हजारापर्यंतच होता. गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. म्हणजे एका दातावर सहा वर्षांचा फरक.

हत्यार असेल तर पारडं आणखी फिरतं. कोयता, विस्तव, उकळतं पाणी, विष, अंगावर सोडलेला कुत्रासुद्धा कलम 118 मध्ये येतो. साधी दुखापत असली तरी तीन वर्षांपर्यंत. गंभीर असेल तर किमान एक वर्ष आणि वर थेट जन्मठेपेपर्यंत. मग चावा घेतला तर? 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे सासरच्या एका बाईने चावा घेतल्याचं प्रकरण आलं होतं. माणसाचे दात घातक हत्यार ठरत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दात तुटला तर गंभीर, पण दाताने चावलं तर हत्यार नाही! ॲसिडला मात्र वेगळं कलम आहे, 124. त्याने कायमची इजा झाली तर किमान दहा वर्षं.

आता कामाचं. साध्या दुखापतीत पोलीस 'एनसी' नोंदवतात, कारण तो अदखलपात्र गुन्हा. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. म्हणून मार लागला की त्याच दिवशी पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांना दिलेलं पत्र, घेऊन सरकारी दवाखान्यात जा. कुणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना नीट सांगा, दुखतंय तिथला एक्स-रे मागा, दात असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जा. जखमेच्या दाखल्यात जे नाही, ते कोर्टात उभं करता करता घाम फुटतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर आहे.

तो रुमालातला दात? माझा पक्षकार चौथ्या दिवशी दवाखान्यात गेला होता, तेही ओठाला टाके घालायला. दाखल्यात दाताचा उल्लेखच नव्हता. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दात आधीपासून हलत होता का हो?" हा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "थोडासा."

खटला एक वर्षाच्या कलमावर आला.


नमस्कार.