क्वीनचा चौथा माणूस: जॉन डीकन आणि त्याचा बास

नमस्कार मंडळी. आज आधी एक विनंती. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर इयरफोन घाला. आज ज्या वाद्याबद्दल बोलायचंय, ते फोनच्या स्पीकरला पेलतच नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ येत नाही. वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात आणि बाकीचं आपला मेंदू भरून काढतो.

‘क्वीन’ या इंग्लंडमधल्या रॉक बँडची गाणी मी कित्येक वर्षं अशीच ऐकली. फ्रेडी मर्क्युरीचा आवाज ऐकला, ब्रायन मेची गिटार ऐकली, आणि बास वाजवणारा जॉन डीकन माझ्या कानांवरून नुसता निघून गेला. पुढे चांगले हेडफोन हाती आले तेव्हा कळलं, की ज्या गाण्यांवर माझे पाय आपोआप ताल धरत होते, त्यातली बरीच या माणसाच्या चार तारांवर उभी आहेत.

जॉन रिचर्ड डीकन. जन्म 19 ऑगस्ट 1951, इंग्लंडमधल्या लेस्टरचा. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा आधीच अबोल, त्यात हे. लहानपणापासून दोनच नाद, संगीत आणि इलेक्ट्रॉनिक्स. चौदाव्या वर्षी, 1965 मध्ये, गावातल्या मुलांबरोबर ‘द ऑपोझिशन’ नावाचा बँड काढला. त्यात तो आधी रिदम गिटार, म्हणजे साथीची गिटार, वाजवायचा, बासकडे नंतर वळला. 1969 मध्ये चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लंडनला आला आणि पुढे पहिल्या वर्गात पदवी मिळवली.

तिकडे क्वीन बँड 1970 मध्ये सुरू झाला होता. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. गाडी अडली होती ती बासवाल्यापाशी. एक आला, गेला, दुसरा आला, तोही टिकला नाही. 1971 च्या सुरुवातीला एका डिस्कोत ब्रायन आणि रॉजरची या एकोणीस वर्षांच्या मुलाशी गाठ पडली. वाजवून बघायला बोलावलं. तो आला, शांतपणे वाजवलं, आणि राहिला. बँडमधला सगळ्यात धाकटा. 1973 च्या पहिल्या अल्बमवर तर त्याचं नाव उलटं करून ‘डीकन जॉन’ असं छापलं होतं, कानाला भारदस्त वाटावं म्हणून. पुढच्या अल्बमपासून त्याने ते सरळ करून घेतलं.

आता मला तुम्हाला एका डब्याची गोष्ट सांगायचीय, कारण मला हा माणूस कळला तो त्या डब्यातून.

साधारण 1972 ची गोष्ट. रस्त्याकडेला टाकलेल्या भंगारात डीकनला एक सर्किट बोर्ड दिसला, रंगीत वायरी लोंबत होत्या. दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. डीकनने तो उचलला, घरी आणला, जुन्या स्पीकरच्या लहानशा लाकडी पेटीत बसवला आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा ॲम्प्लिफायर बनवला. आवाज कमी-जास्त करायला बटणसुद्धा नाही. स्वतःच्या सरावासाठी केलेली वस्तू. पण ब्रायनने त्यात आपली गिटार जोडली आणि भलतंच काही ऐकू आलं. स्वर असा पसरला की गिटार नाही, व्हायोलिन किंवा तुतारी वाटावी.

1975 च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ अल्बममध्ये ‘गुड कंपनी’ नावाचं गाणं आहे. त्यात क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन असा अख्खा जॅझचा ताफा ऐकू येतो. त्यातलं एकही वाद्य खरं नाही. ती सगळी ब्रायनची गिटार आहे, एकावर एक थर देऊन, या डब्यातून वाजवलेली. ‘डीकी ॲम्प’ म्हणतात त्याला. पुढे लोकांनी त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवून विकल्या. दुसऱ्याच्या गिटारचा आवाज ज्याने असा घडवला, तो स्वतः मंचावर ड्रमच्या जवळ उभा राहून शांतपणे बास वाजवायचा.

याच अल्बममध्ये त्याचं ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ आहे. जानेवारी 1975 मध्ये त्याचं व्हेरोनिकाशी लग्न झालं, हे गाणं तिच्यासाठी. त्याने ते वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर रचलं. फ्रेडीला तो पियानो अजिबात आवडला नाही. मग डीकनने तोही स्वतःच वाजवला, खाली बासही वाजवला. इंग्लंडमध्ये गाणं सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत म्हणजे क्वीनची ओळखच मुळी एकावर एक रचलेल्या आवाजांची, आणि डीकन स्टुडिओत गायचाच नाही. आपला आवाज त्या जातीचा नाही हे त्याला ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येऊ. 1980, अल्बम ‘द गेम’, गाणं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’.

[इथे बासची ओळ वाजवून दाखवायची]

ऐकलंत? एकाच स्वरावर तीन ठोके. आणि मग थांबतो. ते थांबणं नीट ऐका. ठेका आपल्या अंगात चालूच राहतो, बासवाला मात्र हात आवरून बसलाय. मग पुढचा तुकडा येतो आणि पुन्हा तेच तीन ठोके. तबलजी समेच्या आधी हात राखून ठेवतो तेव्हा श्रोता पुढे सरकून बसतो ना, तेच इथे होतं. रॉकमध्ये त्या काळी सगळं भरून टाकायची पद्धत होती. डीकनने जागा मोकळी सोडली.

हे त्याला कुठून सुचलं? तो काळ्या अमेरिकन कलाकारांचं सोल आणि फंक मनापासून ऐकायचा. न्यूयॉर्कच्या ‘शीक’ बँडबरोबर तो स्टुडिओत बसला होता, आणि त्यांच्या बर्नार्ड एडवर्ड्सने वाजवलेल्या ‘गुड टाइम्स’चा बास या चालीत स्पष्ट ऐकू येतो. माझ्या मते यात लपवण्यासारखं काही नाही, घराणी अशीच पुढे जातात. गाण्यातली बहुतेक गिटारही डीकननेच वाजवलीय. रॉजरने ड्रमचा एक कोरडा तुकडा वाजवून दिला आणि त्याची टेप गोल फिरत ठेवली. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळं, काढा, असा आग्रह मायकल जॅक्सनने धरला होता. ते अमेरिकेत सलग 3 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

पुढच्याच वर्षी ‘अंडर प्रेशर’, गायक डेव्हिड बोवीबरोबर, स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या स्टुडिओत. या बासमध्ये स्वर किती? दोन. सहा वेळा एकच स्वर, मग खालचा एक. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा वेळा सा आणि मग मंद्र पंचम. तंबोऱ्यातले स्वर! हे लक्षात आलं तेव्हा मी गाणं थांबवून काही वेळ तसाच बसून राहिलो. रॉजर टेलरने सांगितलेली हकीकत अशी, की डीकनला ही ओळ सुचली, सगळे जेवायला गेले, परत आले तर तो ती साफ विसरलेला. रॉजरनेच आठवण करून दिली.

1984 चं ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ही डीकनचंच. त्याच्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले, त्यावरून अमेरिकेत बराच गदारोळ झाला. 1985 च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या मोठ्या मैफिलीतला त्यांचा कार्यक्रम तुम्ही पाहिलाच असेल. पुन्हा पाहिलात तर एकदा फक्त त्याच्याकडे बघा.

9 ऑगस्ट 1986, इंग्लंडमधलं नेबवर्थ. फ्रेडीबरोबरचा शेवटचा कार्यक्रम. 24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम झाला, त्यात डीकन वाजवायला उभा राहिला. फ्रेडीच्या मागे राहिलेल्या आवाजावर ‘मेड इन हेवन’ हा अल्बम 1995 मध्ये पूर्ण केला. जानेवारी 1997 मध्ये पॅरिसला गायक एल्टन जॉनबरोबर एक गाणं वाजवलं, आणि त्यानंतर तो कधी मंचावर आला नाही. त्याच वर्षी एक शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं आणि निवृत्त झाला. ब्रायन आणि रॉजरने नव्या गायकांबरोबर क्वीन चालू ठेवली. 2001 मध्ये बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हाही डीकन गेला नाही. फ्रेडीशिवाय क्वीन नाही, असं त्याला वाटत होतं. लोक याला रुसवा म्हणतात. मला तसं वाटत नाही. कुठे थांबायचं हे त्याला बासवरही नेमकं कळायचं.

जाता जाता, कुणी म्हणालं की डीकन सोपंच वाजवायचा, तर त्याला 1976 चं ‘द मिलियनेअर वॉल्ट्झ’ ऐकवा. सुरुवातीला ड्रम नाहीत. फ्रेडीचा आवाज, त्याचा पियानो आणि खाली डीकनचा बास, जो एका जागी ठरतच नाही, पियानोशी बोलत, वळसे घेत, वर चढून पुन्हा उतरतो. इयरफोन अजून कानात आहेत ना? मग हा व्हिडिओ बंद करा आणि आधी ते लावा.