लिलावातली मशीन आणि तिचा खरा मालक

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, तिकडं इचलकरंजी… आपल्या भागात धातू कातायची जुनी लेथ, जुना प्रेस, जुना माग लिलावात घेऊन कितीतरी जणांनी धंदा उभा केला. ती वाट चांगलीच आहे. फक्त विकणारा तिचा मालक आहे का, हे बघायचं राहून जातं.

उद्यमनगरातल्या एका कारागिराची हकीकत सांगतो. हाताचा पक्का माणूस. स्पिंडल फिरला की आवाजावरनं बेअरिंग ओळखणारा. (आयटीआयच्या पोरांना आधी साध्या लेथवर उभं करावं, सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं, बटण नंतर, असं माझं ठाम मत आहे. कान आणि बोटं तयार होतात ती तिथंच.) तर, एका बंद शेडमधल्या सामानाचा लिलाव निघाला. सीएनसी लेथ, जवळजवळ नवी. यांनी बेडवरनं, म्हणजे मशीनच्या खालच्या पायावरनं, बोट फिरवलं, काम पकडणारा चक हिसका देऊन बघितला, आणि बोली लावली. सौदा मिळाला. क्रेन, ट्रेलर, हार, नारळ, सगळं झालं.

वहिनी दुकानाचा हिशेब बघतात. मशीन उतरताना त्यांनी विचारलं, "अहो, हिची पाटी कुठाय?" कंपनीच्या पाटीच्या जागी रिव्हेटची चार भोकं होती. हे म्हणाले, "पाटीवर काम करायचंय का मला?"

महिन्याभरात फायनान्स कंपनीचा माणूस दारात आला. त्याच्या कागदावर मशीनचा नंबर होता. बेडच्या टोकाचा रंग त्यानं थिनरनं पुसला, आणि खाली ठोकलेला तोच नंबर निघाला. मशीन तारण होती, हप्ते थकले होते. आणि लिलाव कुणी केला होता? शेडच्या मालकानं! भाडेकरू भाडं बुडवून गेला, म्हणून यानं आतलं सामान विकून टाकलं. भाडं थकलं म्हणून भाडेकरूची मशीन विकायचा हक्क शेडमालकाला आपोआप मिळत नाही. लिलाव करणाऱ्यानं पावती दाखवली: 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे. मालकीची हमी नाही.' खाली सही आपल्या कारागिराचीच. मशीन ताडपत्रीखाली गेली, हातातली ऑर्डर गेली, आणि पैशासाठी शेडमालकावर दावा लावायची वेळ आली.

कायदा काय म्हणतो? माल विक्री कायदा, १९३०, कलम २७. विकणाऱ्याकडं जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. थोडे अपवाद आहेत, पण 'मी लिलावात रोख पैसे मोजले' हा त्यातला अपवाद नाही. परत सांगतो: विकणाऱ्याकडं जेवढी मालकी, तेवढीच तुम्हाला. आणि माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं. खरवडलेला नंबर हे तसं कारण ठरू शकतं.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो. लेथला सातबारा नसतो, पण बोजा असतो. तो सरसाई या तारणाच्या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून ऑनलाइन शोधता येतो. विकणारी कंपनी असेल तर तिच्यावरचा बोजा कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतो. शिवाय मूळ खरेदीचं बिल मागा, आणि त्यावरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. हे सगळं अनामत भरायच्या आधी. बँकेनं थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सरफेसी कायद्याखाली विकलं असेल तर विक्रीचा दाखला मिळतो, तो घेतल्याशिवाय ट्रेलर बोलावू नका. तिथंही नोटिशीतल्या अटी वाचा, कारण दुसऱ्या कुणाचा दावा असेल तर तो आपोआप मिटत नाही.

ट्रॅक्टरचं थोडं वेगळं आहे. त्याला आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला असतो, आणि कर्ज असेल तर त्यावर कर्ज देणाऱ्याचं नाव असतं. सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या जाहीर लिलावात घेतला तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ भरून आरटीओत अर्ज द्यायचा. सोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा, विक्री तुमच्या नावे पक्की झाल्याचा दाखला लागतो. तो त्याच दिवशी मागून घ्या.